मदत हवी आहे : फिटमध्ये शुद्ध जात नाही, तरी वाचलेलं टिकत का नाही?

नमस्कार. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला अपस्मार आहे, पण फिट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे येतं तसं काही होत नाही. ती पडत नाही, दातखीळ बसत नाही. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटतं, 'हे सगळं आधी घडून गेलंय' असं वाटतं आणि मिनिटभरात संपतं. त्या वेळी आपण काय बोललो ते तिला नंतर सांगता येतं. अशा फिटला पूर्वी सिंपल पार्शल म्हणायचे, २०१७च्या वर्गीकरणात त्यांना फोकल अवेअर हे नाव मिळालं. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या भागात दोष दिसला आणि एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, थोडा आकसलेला आहे.

मला खरी काळजी अभ्यासाची आहे. संध्याकाळी धडा वाचते, लगेच विचारलं तर घडाघडा उत्तरं देते. आठवड्याने तोच धडा काढला की काही म्हणजे काही आठवत नाही. गणिताची रीत राहते, जीवशास्त्रातली नावं राहत नाहीत. बोलताना साधे शब्द अडतात, झाऱ्याला 'ते तळायचं' म्हणते. दिवाळीतली कोकणातली सहल तिला फोटो पाहूनही नीट आठवेना, तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

कॉलेजात ऐकवलं गेलं की शुद्ध जात नाही ना, मग लक्षच देत नसेल. नातेवाईकही तेच म्हणतात. माझी पोर आळशी नाही हो.

हिप्पोकॅम्पसबद्दल वाचताना अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची हकिकत कळली. १९५३ मध्ये अपस्मारासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला आणि त्यानंतर त्याला नव्या आठवणी साठवताच येईनात. हिचं तितकं टोकाचं नाही हे कळतं, पण जागा तीच. शुद्धीतल्या छोट्या फिट्सनीही स्मरणाला धक्का बसतो का? की हा गोळ्यांचा परिणाम? अभ्यास कसा करून घ्यावा? बोर्डात सवलत मिळते का?

प्रतिसाद :
ताई, मलाही डाव्या टेम्पोरलचाच अपस्मार आहे, म्हणून लिहिते. शुद्ध असणं आणि आठवण पक्की होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिट येत नसतानाही ईईजीत मधूनमधून विद्युत ठिणग्या दिसतात. झोपेत त्या वाढू शकतात, आणि दिवसभरातलं शिकलेलं बरंचसं पक्कं होतं ते झोपेत. डावी बाजू बहुतेकांमध्ये शब्दांची असते, त्यामुळे नावं आधी निसटतात. अर्ध्या तासाने आठवतं पण आठवड्याने जातं, असा विसर टेम्पोरल अपस्मारात ओळखला गेलेला आहे. नेहमीच्या स्मरणचाचणीत तो सुटतो, कारण तिथे अर्ध्या तासानेच विचारतात. न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मरण, भाषा, लक्ष यांची तपासणी करून घ्या, आणि काही दिवसांनी पुन्हा विचाराल का, असं तिथे आवर्जून सांगा. बंगळूरचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा या रुग्णालयांत न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी होते.

गोळ्यांचाही हात असू शकतो. टोपिरामेट या अपस्मारावरच्या औषधाने शब्द अडू शकतात हे माहीतच आहे. पण स्वतःहून एकही गोळी कमी करू नका, डॉक्टरांशी बोला. योग्य मात्रेत दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील तर शस्त्रक्रियेच्या केंद्रात दाखवायचं का, हेही विचारा.

अभ्यासात मला उपयोग झाला तो दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने पुस्तक मिटून स्वतःला विचारण्याचा. नावांना आकृती जोडायची. जागरण अजिबात नको, झोप मोडली की फिटही वाढतात.

सवलतीचं असं की २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आणि अध्ययन अक्षमता आहेत, अपस्माराचं नाव वेगळं नाही. म्हणून तपासणीचा अहवाल हातात ठेवून कॉलेजमार्फत विभागीय मंडळाला आताच लेखी विचारा, बारावीच्या फॉर्मची वाट पाहू नका.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आठवड्याने विसरण्याला वैद्यकात ओळख आहे हे वाचून लेकीने फोन माझ्या हातून घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचलं. गोळ्यांत टोपिरामेट आहे, पुढच्या भेटीत तेच आधी विचारते. केवळ अपस्मारावर बारावीला जादा वेळ मिळालेलं कुणी इथे आहे का? कोणती कागदपत्रं लागली ते कृपया लिहा.