ट्रान्सव्हर्स कोलनमधला (मोठ्या आतड्याच्या आडव्या भागातला) लायपोमा (चरबीची गाठ) आणि आतड्यात शिरलेलं आतडं: स्कोपने काढावा की ऑपरेशन?

प्रश्न (निवासी डॉक्टर, सर्जरी)

५४ वर्षांच्या बाई. दीड महिन्यापासून कळ येऊन पोट दुखतं, मग आपोआप थांबतं. दोनदा शौचातून रक्त गेलं. कालपासून पोट फुगलंय, वारा सरलेला नाही, तीन उलट्या झाल्या. सीटीत ट्रान्सव्हर्स कोलनच्या सुरुवातीला ४.५ सेंमीची गाठ, घनता उणे ९० एचयू (सीटीतलं घनतेचं एकक; एवढी उणे म्हणजे चरबी), आणि तिच्यासकट आतडं पुढच्या आतड्यात शिरलेलं. सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) ९ सेंमी रुंद. पोट मऊ आहे, नाडी ९६. नातेवाईकांना ऑपरेशन नकोय. पेग (पोट साफ करायचं औषध) पाजून, आतडं साफ करून स्नेअरने (स्कोपमधून घालायच्या तारेच्या फासाने) गाठ काढता येईल का?

उत्तर १ (सर्जन)

पेग अजिबात देऊ नका. पुढे वाट बंद असताना वरून दोन-तीन लिटर पाणी ओतलं तर ते सीकममध्येच साठणार. इलिओसीकल झडप (लहान आणि मोठ्या आतड्यामधली) घट्ट असली तर ते मागेही परतत नाही. तसं असेल तर रायल्स ट्यूबने (नाकातून जठरात घातलेल्या नळीने) जठर रिकामं होतं, सीकमचा ताण उतरत नाही. त्यामुळे ट्यूबमधून कमी येतंय म्हणून निर्धास्त राहू नका.

आत्ता तोंडाने काही नको. ट्यूब, आरएल (शिरेतून द्यायचं सलाईन), लघवीची नळी. लघवी तासाला किलोमागे ०.५ मिलीच्या वर हवी. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, ते आधी भरून घ्या. दर दोन-तीन तासांनी त्याच हाताने पोट तपासा. एकाने सकाळी, दुसऱ्याने रात्री हात लावला की फरक कळत नाही. पोट कडक झालं, नाडी चढत गेली, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडल्याची खूण) वाढलं किंवा सीकम १२ सेंमीकडे सरकलं तर थांबायचं नाही.

उत्तर २ (रेडिओलॉजिस्ट)

आधी ती चरबी कुणाची हे नक्की करा. आतडं आत शिरताना मेसेंटरीची (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची) चरबीही सोबत ओढली जाते, आणि रिपोर्टमध्ये तिलाच लायपोमा म्हटलं जातं. मेसेंटरीची चरबी एका बाजूला चंद्रकोरीसारखी असते, तिच्यात रक्तवाहिन्या दिसतात. लायपोमा गोल, एकसारखा, वाहिन्यांविना आणि शिरलेल्या भागाच्या अगदी टोकाला असतो. अक्षीय (आडव्या) कापावर भागवू नका, कोरोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या उभ्या कापात) टोक शोधा. लायपोमाचा रक्तपुरवठा तुटला की आत पडदे आणि धूसरपणा येतो, मग निव्वळ चरबीचं चित्र राहत नाही.

उत्तर ३ (गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट)

अडथळा नसता तर स्कोपने बघितलं असतं. गुळगुळीत पिवळसर गाठ, फोर्सेप्सने दाबली की उशीसारखा खळगा पडतो. पण वारंवार आत शिरून टोकाला व्रण झाला असेल तर गाठ कॅन्सरसारखीच दिसते. वरवरच्या बायोप्सीत नुसती म्यूकोसा (आतलं अस्तर) येते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

स्नेअरची अडचण वेगळी. चरबीत पाणी कमी, करंट नीट जात नाही, म्हणून तो जास्त वेळ द्यावा लागतो आणि उष्णता भिंतीत उतरते. शिवाय ओढ बसून देठात स्नायूचा थर, कधी सिरोसाही (आतड्याचं बाहेरचं आवरण) आलेला असतो. तो कापला की सरळ छिद्र. बारीक देठ असेल तर आधी एंडोलूप (देठ आवळणारा फास) घालून काढता येतो. रुंद बुडाच्या ४.५ सेंमीला, तेही फुगलेल्या आतड्यात, मी हात लावणार नाही.

प्रश्नकर्ता

धन्यवाद सर. टोकाला गोल गाठ आहे, वाहिन्या नाहीत. मग आतडं सोडवून, कोलन उघडून नुसती गाठ काढली तर?

उत्तर १ (सर्जन)

निदान पक्कं आणि आतडं गुलाबी, मऊ असेल तर चालतं. सोडवताना वरून ओढायचं नाही, खालच्या टोकाकडून हळूहळू मागे ढकलायचं. ओढलं की सुजलेली भिंत फाटते. पण तुमच्याकडे रक्त गेलंय, म्हणजे टोकाला व्रण असू शकतो. प्रौढांच्या कोलनमध्ये अशा टोकाला कॅन्सर निघण्याचं प्रमाण मोठं आहे. शंका असेल तर न सोडवता, लसीका ग्रंथींसह एक्स्टेंडेड राइट हेमिकोलेक्टॉमी (मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि ट्रान्सव्हर्सचा बराचसा भाग काढणं) करा. फुगलेलं सीकमही निघून जातं आणि इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) उरलेल्या ट्रान्सव्हर्सला जोडता येतं. रक्तदाब ढासळलेला किंवा पोटात पू असेल तर जोडू नका, स्टोमा (पोटावर आतड्याचं तोंड) काढा. नातेवाईकांना हे सहीच्या आधी सांगा.

नमुना टेबलावरच उघडून बघा. टोकावरचा व्रण आणि आतली पिवळी चरबी डोळ्यांना दिसते. पक्का निकाल मात्र हिस्टोपॅथॉलॉजीचाच (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचाच). उरलेलं कोलन आधी बघितलं गेलेलं नाही, म्हणून तीन ते सहा महिन्यांत कोलोनोस्कोपी लिहून द्या.