व्हिएतनामी विद्यार्थ्यांना फ्रेजल व्हर्ब्स याद्या पाठ करायला लावून शिकवावेत का? माझं मत : अजिबात नाही

सायगॉनकरीण
चार वर्षं झाली हो ची मिन्ह सिटीत, इथली माणसं रोजच्या बोलण्यात अजून सायगॉनच म्हणतात. संध्याकाळी ऑफिसात नोकरी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याला लागलेलं अप, आउट, ऑफ असं शेपूट, दोन्ही मिळून एक अर्थ. प्रत्येकाकडे शाळेपासूनची त्यांची एक वही असते म्हणजे असतेच. एका पानावर गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अलाँग, पुढे व्हिएतनामी अर्थ, पान उलटलं की टेक सुरू. शाळा संपताना जी देशभराची परीक्षा असते तिच्यात २०२४ पर्यंत इंग्रजीचा पेपर ५० प्रश्नांचा, वेळ ६० मिनिटं, सगळं पर्याय निवडा, आणि त्यात फ्रेजल व्हर्ब हमखास, म्हणून ही वही. २०२५ पासून तिथे परदेशी भाषा ऐच्छिक झाली, वही मात्र आहे तिथेच आहे.

मागच्या महिन्यात अकाउंट्समधली एक मुलगी रडवेली होऊन क्लासला आली. कॉलवर परदेशातला साहेब म्हणाला 'लेट्स पुट इट ऑफ', म्हणजे पुढे ढकलू, हिने ऐकलं 'पुट इट अप', म्हणजे चढवू, आणि अर्धवट रिपोर्ट सगळ्यांच्या फोल्डरमध्ये चढवून मोकळी झाली. मी तिची वही बघितली, दोन्ही शब्द शेजारी शेजारी, हिरव्या शाईत, अर्थ अगदी बरोबर. मग काय उपयोग त्या पाठांतराचा?

माझं म्हणणं असं की या मुलांच्या भाषेत ही गोष्ट आधीपासून आहे आणि ती त्यांना कुणी दाखवतच नाही. तीम म्हणजे शोध, रा म्हणजे बाहेर, तीम रा म्हणजे शोधून काढ. इंग्रजीत फाइंड आउट. तिन्ही भाषांत तऱ्हा एकच! न्गी म्हणजे विचार करणं, न्गी रा म्हणजे सुचणं, डोक्यातून बाहेर येणं. वाढण्याला लेन लागतं म्हणजे वर, कमी होण्याला सुओंग म्हणजे खाली. माणूस वाळला तर ओम दी, यातलं दी म्हणजे जा, आपणही वाळून गेला म्हणतोच ना. आणि क्वेन दी म्हणजे शब्दाला शब्द 'विसरून जा'. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसल्या जागी हरखले होते. वाक्यात शब्द कुठे बसतो तेही जुळतं, लै नो रा म्हणजे घे-ते-बाहेर, टेक इट आउट, 'इट' मधोमध. क्रियापदावरून यादी करायच्या ऐवजी आउट, अप, डाउन, बॅक या शेपटांवरून शिकवा, त्यांना आपलं वाटेल. वही बंद करा.

जुना_मास्तर
ताई, तळमळ कळली पण मत पटलं नाही. तीस वर्षं सांगली जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवलंय, 'आपल्या भाषेतून समजावून सांगा' हा प्रयोग मीही मनापासून केलाय. गिव्ह अप मध्ये वर काय जातं सांगा. पुट अप विथ मध्ये? आपण त्याला खपवून घेणं म्हणतो, त्यात ना वर आहे ना खाली. तुमची 'रा म्हणजे आउट' ची किल्ली पोरांच्या हातात दिली की ती ती प्रत्येक कुलपाला लावून बघणार. आणि तुम्हीच सांगता की वाढण्याला लेन लागतं, मग तुमची मुलं 'इन्क्रीज अप' लिहीत नाहीत का? खरं सांगा.

यादी वाईट नसते, यादी लांबलचक असली की वाईट. २०१५ मध्ये शिक्षकांसाठी एक छोटी यादी निघाली होती, सगळ्यात जास्त वापरात असलेले १५० फ्रेजल व्हर्ब आणि त्यांचे मिळून २८८ अर्थ. एवढे पाठ करायला एक वर्ष पुष्कळ झालं. पाढे समजून घेतले म्हणून कुणी पाठ करायचे टाळत नाही.

बाकनिन्हवाला
हनोईजवळ बाक निन्हला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे बोलतो. मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो मला. या मुलांना फ्रेजल व्हर्ब हवेत कशाला? माझ्या मीटिंगमध्ये कोरियन असतो, जपानी असतो, चार व्हिएतनामी आणि मी, इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही, आणि ज्या दिवशी कुणी ब्रिटिश ऑडिटर येऊन 'रोल आउट', 'साइन ऑफ', 'आयर्न आउट' करायला लागतो त्या दिवशी सगळे माना डोलावतात आणि नंतर माझ्या टेबलाशी येऊन विचारतात की तो म्हणाला काय. पोस्टपोन, टॉलरेट, कॅन्सल, एक शब्द एक अर्थ, शोधायला सोपा. त्यांच्या भाषेत चिनीवरून आलेले भारदस्त शब्द ढिगाने आहेत, जसे आपल्याकडे संस्कृतचे, त्यामुळे भारदस्त शब्द त्यांना परके वाटत नाहीत. त्या अकाउंट्सच्या मुलीची चूक नव्हतीच, साहेबाने 'पोस्टपोन' म्हणायला हवं होतं. शिकवायचंच तर त्या साहेबाला शिकवा.

वाचनखूण
मास्तरांच्या बाजूने एक भर. फ्रेजल व्हर्ब टाळण्यावर १९८५ साली हिब्रू बोलणाऱ्यांचा अभ्यास झाला होता, निष्कर्ष साधारण असा की त्यांच्या भाषेत हा प्रकार नाही म्हणून ते टाळतात. तोवर ताईंचं म्हणणं बरोबर वाटतं. पण १९८९ मध्ये डच लोकांवर अभ्यास झाला, आणि डचमध्ये तर असली क्रियापदं अगदी इंग्रजीसारखी आहेत. तरी ज्यांचा अर्थ सरळ निघत नाही ते फ्रेजल व्हर्ब त्यांनीही टाळले, उलट काही तर आपल्या भाषेसारखे दिसतात म्हणूनच टाळले, विश्वास बसेना म्हणून. म्हणजे घरात आहे म्हणून बाहेर वापरता येईलच असं नाही.

शिवाय दिशा ही प्रत्येक भाषेची स्वतःची समजूत असते. सायगॉनचा माणूस हनोईला जाताना 'बाहेर' जातो आणि हनोईचा सायगॉनला येताना 'आत' येतो, सतराव्या-अठराव्या शतकात देश दोन घराण्यांत वाटला गेला होता तेव्हा दक्षिणेला आतला भाग आणि उत्तरेला बाहेरचा भाग म्हणत. आपण खाली कोकणात उतरतो तसंच. इंग्रजाला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याचं आउट वेगळं.

मेलबर्नहून
माझी बायको हाय फाँगची, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. बाकनिन्हवाले, तुमच्या कारखान्यात चालत असेल, इथे नाही चालत हो. ती पाळणाघरात कामाला लागली तेव्हा दुसऱ्याच दिवशी एक बाई घाईत सांगून गेली, 'ही थ्रू अप', आणि ही आधी खोलीभर बघत राहिली की पोराने काय वर फेकलं. पोराला उलटी झाली होती, ताप होता. ती तेव्हा किती घाबरली होती ते मी बघितलंय. उलटीला त्यांच्याकडेही 'रा'च लागतं, बाहेर, आणि इंग्रजीत नेमकं अप. पास आउट, थ्रो अप, पिक अप, ड्रॉप ऑफ, पोरांचं आणि आजारपणाचं सगळं बोलणं याच शब्दांत चालतं, 'व्हॉमिट' म्हणा असं ती कुणाकुणाला सांगणार.

पण मला वाटतं तुम्ही सगळे अर्थावर भांडताय आणि अडचण कानाची आहे. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी फ कधीच येत नाही. प येतो, पण तोही नुसते ओठ मिटून, फुटत नाही. त्यामुळे ही ऑफ म्हणायला जाते आणि ऑप होतं. ऑप आणि अप. आता त्या अकाउंट्सच्या मुलीला 'पुट इट ऑफ' मधून काय ऐकू आलं असेल विचार करा. तिला अर्थ येत होता, तुम्हीच लिहिलंय वहीत बरोबर होता म्हणून. मग किल्ली देऊन किंवा यादी देऊन काय होणार?

सायगॉनकरीण
हे वाचून मी दोन दिवस गप्प बसले कारण मेलबर्नहून जे आलं ते मला आधीच दिसायला हवं होतं. काल क्लासमध्ये करून बघितलं. पाठमोरी उभी राहिले, म्हणजे ओठ दिसायला नकोत, आणि पुट इट ऑफ, पुट इट अप असं उलटसुलट म्हणत गेले, ऑफला डावा हात, अपला उजवा. पहिल्या फेरीत निम्मे हात चुकीचे. मग लक्षात आलं की नुसत्या फ चं नाहीये. त्यांच्या लिखाणात प्रत्येक अक्षर, म्हणजे सिलॅबल, सुटं, बोलण्यातही सुटं, ते तीन तुकडे शोधत बसतात आणि ऐकू येतं पु-टि-टॉफ. फळ्यावर तसं तोडून लिहिलं, दहा मिनिटं नुसतं म्हणून घेतलं, पुढच्या फेरीत तीनच हात चुकले.

मास्तर, हो, 'इन्क्रीज अप' लिहितात. 'टेक आउट युवर शूज' पण म्हणतात कारण बूट काढायला त्यांना रा लागतं. मी नाकारत नाही. पण ती चूक मला एका वाक्यात समजावता येते, कुठून आली ते त्यांना स्वतःला दिसतं आणि ते हसून दुरुस्त करतात. गेट बाय आणि गेट ओव्हर मधली गल्लत कुठून आली ते कुणालाच सांगता येत नाही, पुन्हा पाठ कर एवढंच म्हणता येतं. गिव्ह अप, पुट अप विथ यांना किल्ली नाही, ते सुटे पाठ करावेच लागतील, एवढं मान्य. सगळेच तसे आहेत हे अमान्य. २००७ च्या एका मोजणीत ब्रिटिश इंग्रजीतले निम्म्याहून जास्त फ्रेजल व्हर्ब २० क्रियापदं आणि ८ शेपटं यांच्या जोड्यांतून आलेले निघाले होते. आठच! आणि आउट, अप, डाउन, बॅक ही चार त्यांना आईच्या भाषेतून ओळखीची आहेत, ती ओळख मी वाया जाऊ देणार नाही.

जुना_मास्तर
पाठमोरं उभं राहून विचारायचं हे आवडलं. यादीबद्दल माझं मत तेच आहे. आठ शेपटांची ओळख करून द्या, पण ती १५० वाली यादीही भिंतीवर लावा, आणि प्रत्येकासमोर त्या मुलांच्या ऑफिसातलं एक खरं वाक्य लिहून घ्या. वाक्याशिवाय शब्द राहत नाही.

बाकनिन्हवाला
थ्रो अपचं पटलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं, आमच्याकडे पोरं नसतात ना शिफ्टवर. ऐकून कळायला हवं इथपर्यंत मी आलो. बोलायला लावू नका एवढंच. माझ्या लाइनवरच्या फळ्यावर उद्याही 'इन्स्पेक्शन पोस्टपोन्ड' हेच लिहिणार, कारण रात्रपाळीला येणाऱ्या पोरीला ते वाचून रिपोर्ट पुढे पाठवायचा की नाही हे एका फटक्यात कळलं पाहिजे.