मदत हवी आहे: कमिशनचा कागद विक्रीच्या मुलांना स्वतः पडताळता येईल असा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत मासेमारीची जाळी, दोर आणि इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्या फर्ममध्ये मी हिशेब बघते. आमची मुलं हर्णैपासून देवगडपर्यंत बंदरं फिरतात. महिन्याच्या शेवटी त्यांना कमिशनचा कागद मिळतो, त्यावर एकच आकडा. तो कुठून आला हे विचारायला प्रत्येकाला माझ्या टेबलाशी यावं लागतं. हे मला पटत नाही. आपल्या कष्टाचा पैसा ज्याचा त्याला मोजता आला पाहिजे.

अडचण हंगामाची आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्याच काळात बोटवाले जाळी उधारीवर उचलतात आणि मासळी लागेल तसे पैसे देतात. आमचं कमिशन बिलावर नाही, वसुलीवर. म्हणजे जुलैच्या एका बिलाचं कमिशन दिवाळीनंतरही तुकड्यातुकड्याने येत राहतं.

खरा वाद परतीच्या मालावर होतो. समजा कर वगळून बिल 1,00,000 चं. 40,000 वसूल झाले, 2 टक्क्यांनी 800 दिले. मग 10,000 ची जाळी परत आली. आमच्या पद्धतीत लगेच 200 कापले जातात. पण परत आलेला माल तर न आलेल्या 60,000 मधला! ज्यावर कमिशन दिलंच नाही, त्याची वजावट कसली? माझ्या मते फक्त येणं 50,000 वर यावं, बस. तुमच्याकडे काय करतात?

दुसरं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमा रक्कम बिलाला न जोडता 'ऑन अकाउंट' पडली की ती कुठल्या बिलाची हे कागदावर दाखवताच येत नाही. पावती फाडतानाच बिल नंबर लिहून घ्यायची सवय कोणी लावली आहे का? बोटवाला नुसता 'हे ठेव' म्हणून नोटा देतो, तेव्हा सर्वांत जुन्या बिलाला लावता का?

शिवाय महिन्याची वसुली 5 लाखांवर गेली की वरच्या रकमेला 3 टक्के. जुन्या बिलाचे पैसे उशिरा आले तर टप्पा बिलाच्या महिन्याचा धरायचा की वसुलीच्या? मालकांशी बोलून हा नियम कागदावरच छापून घेणार आहे.

बिलागणिक एक ओळ करायची आहे: बिल नंबर, बोटवाला, या महिन्यात आलेले, दर, कमिशन, बाकी. पण मुलं सगळं व्हॉट्सअॅपवर बघतात, एवढे रकाने मोबाईलवर वाचता येत नाहीत. कोणाकडे चालता नमुना असेल तर नावं झाकून टाकाल का?