पुलाखालची शाळा की वसतिगृह?

सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या चर्चेत 'पुलाखाली शाळा भरवण्यापेक्षा या पोरांना सरळ वसतिगृहात न्या' असं एक मत आलं, ते पटलं नाही. सिग्नलवरची बरीच मुलं अनाथ नसतात, आईबाप चार पावलांवर गजरे ओवत बसलेले असतात. ठाण्यातल्या तीन हात नाक्याची सिग्नल शाळा (2016 पासून, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका) पुलाखालीच कंटेनरमध्ये भरते, त्याचा फायदा हाच: पोर आईच्या नजरेच्या टप्प्यात राहतं. लांब नेलंत तर आई पाठवणारच नाही, आणि पाठवलं तरी पोर पळून येईल.

चर्चेत न आलेला मुद्दा दाखल्याचा. वाशीकडे काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेबरोबर मी दहा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशासाठी गेलो होतो. शाळेने जन्मदाखला मागितला. आता फुटपाथवर जन्मलेल्या पोरीचा दाखला आणायचा कुठून? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 'मग नकार लेखी द्या' म्हटल्यावर फॉर्म निघाला! पण खरी पंचाईत पुढेच. कलम 4 प्रमाणे ती वयानुसार थेट वरच्या वर्गात बसली. वीस-वीसच्या तीन गजऱ्यांचे शंभरातून चाळीस ती झटक्यात परत देते, पण पाटीवरचा 4 ओळखत नव्हती. अशा मुलांना वेगळं प्रशिक्षण देण्याची तरतूद त्याच कलमात आहे, प्रत्यक्षात ते संस्थेची ताईच करते, तेही दुपारी. संध्याकाळी गजऱ्यांची विक्री असते, तेव्हा कोणतंही पोर शिकायला फिरकत नाही.