मदत हवी आहे: ॲल्युमिनियम खिडक्यांच्या कोटेशनमध्ये मजुरी कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत माझा ॲल्युमिनियम खिडक्या-दारांचा लहान कारखाना आहे. कटरवाला, फिटर, हेल्पर धरून 22 माणसं. मालाचा हिशेब जमतो. सेक्शन (ॲल्युमिनियमची पट्टी) किलोवर येतो, काच फुटावर, वेस्टेज भंगाराच्या वजनावरून कळतं. गाडी अडते ती मजुरीत. काम भरपूर आहे, तरी पगाराच्या तारखेला ओढाताण होते, आणि मला एकाचाही पगार मागे ठेवायचा नाही.

मागच्या आठवड्यात एका फिटरचा हिशेब मांडला. पगार 15,000. पीएफचा आपला वाटा, विमा आणि प्रशासन खर्च मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, 3.25 टक्क्यांनी 488. बोनस 8.33 टक्क्यांनी 1,250. ग्रॅच्युइटीची तरतूद 721. झाले 19,409! मी मात्र इतकी वर्षं 15,000 भागिले 26 करून 577 रुपये रोज धरत आलो. सुट्ट्या आणि फुकट गेलेले दिवस वजा केले तर हाती 22 दिवस राहतात. रोज पडतो 882.

फुकट गेलेला दिवस म्हणजे काय ते सांगतो. वर्धा रोडच्या एका साईटवरून निरोप आला, गाळे (भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या जागा) तयार आहेत. तिघं टेम्पो घेऊन गेले. गुण्या लावून पाहिला तर गाळा वरच्या बाजूने 8 मिमी अरुंद. प्लास्टर तासायला गवंडी नाही. चौकटी तशाच परत आल्या. तिघांचा रोज आणि भाडं कोणत्या बिलात टाकू? मे महिन्यात तर पश्चिमेच्या भिंतीला दुपारी झुल्यावर (बाहेरून दोरांनी टांगलेल्या फळीवर) माणूस चढवता येत नाही. चढवूच नये.

दुसरं दुखणं फुटाच्या भावाचं. मी मजुरी 45 रुपये चौरस फूट लावतो. 5 बाय 4 च्या फिक्स खिडकीचे 900 होतात, बाथरूमच्या 2 बाय दीडच्या व्हेंटिलेटरचे 135. पण चौकटीचे तुकडे दोन्हीकडे चारच, 45 अंशाचे काप आठच, कोपरे चारच. बाहेरून सिलिकॉन मारायला झुला दोन्हीकडे लागतोच.

तुम्ही मजुरी फुटावर लावता की नगावर? आणि वाया गेलेली फेरी कोटेशनमध्ये कशी लिहिता?

प्रतिसाद 1
दादा, आम्ही बुटीबोरीला दोन्ही लावतो. प्रत्येक नगाला ठरावीक मजुरी, वर थोडा फुटाचा भाव. आधी पंधरा दिवस कटरजवळ वही टांगा आणि कोणत्या नगाला किती मिनिटं लागली ते लिहायला लावा. ओव्हरटाइमचे तास वेगळे लिहा, ते दुप्पट दराने जातात. साईटचं म्हणाल तर गाळ्याचं माप सुपरवायझरच्या सहीशिवाय घेऊ नका. सही असली की दुसऱ्या फेरीचे पैसे मागता येतात.

धागाकर्ता
खूप आभार भाऊ. वही आजच टांगतो. एकच विचारतो: फुटाच्या भावात आधीच घेतलेली दोन कामं अर्ध्यावर आहेत. त्यांत नगाची मजुरी आता मागता येईल का, की ती जुन्याच भावात पुरी करायची?