आवारातलं डांबर दर पावसाळ्यात उखडतं, आगोटीआधी काय करता येईल?

काजूबोंड
रत्नागिरीजवळ आंबा कॅनिंगचं आवार आहे. गेटपासून वजनकाट्यापर्यंत डांबर, रुंदी 12 मीटर. माल उतरवतात तिथे काँक्रीट. डांबरावर दरवर्षी त्याच दोन जागी खड्डे पडतात. काँक्रीटचे सांधे उघडे पडलेत, एका स्लॅबचा कोपरा तुटलाय. कंत्राटदार म्हणतो 25 मिमीचा नवा थर मारू, सगळं झाकून जाईल. करावं का? हंगाम चालू आहे, गाड्या फार वेळ अडवता येणार नाहीत.

खडीग्रिट
झाकून जाईल, पण मृगापर्यंतच.

खड्डा त्याच जागी पडतो म्हणजे पाणी खालून येतंय. भेगांतून लालसर चिखल वर आलाय का बघा. आला असेल तर वरच्या उताराचा पाझर खडीकरणात, म्हणजे डांबराखालच्या खडीच्या थरात, शिरतोय. ओल्या खडीवरून ट्रक गेला की पाणी दाबाने वर येतं आणि डांबर खडीला सोडतं. आधी उताराच्या वरच्या कडेला चर काढून पाणी गटाराला जोडा. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून (दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते) डांबराचा उतार मोजा. एकाच बाजूला उतार असेल तर 40 ला 1 धरा, म्हणजे 12 मीटरला 30 सेमी.

खड्डा असा भरा: तुटक्या कडेपासून 10 सेमी बाहेर, चांगल्या डांबरात खडूने चौकोन आखा. कटरने कडा उभ्या कापा. तिरकी कड ठेवली तर तिथे डांबराचा थर पातळ होतो आणि पहिलं चाक तोच उचलतं. घट्ट तळ लागेपर्यंत खणा. भरायला काळ्या दगडाची खडी घ्या. जांभ्याचा चुरा नको, भिजला की लोणी. तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेलं डांबर) पातळ हात द्या, तपकिरी रंग काळा होईपर्यंत थांबा. डबकं झालं तर वरचा माल त्यावर घसरतो.

माल 5 ते 7 सेमीच्या थरांत टाका, कडेकडून मध्याकडे दाबा. व्हीजी-30 (डांबराची एक प्रत) चा हॉट मिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा माल, पसरताना 140 अंशांच्या खाली आणि दाबताना 90 च्या खाली नको. टेम्पोत दोन टन माल ताडपत्रीशिवाय आणला तर येईपर्यंतच गार होतो. 1 चौमी, 5 सेमी जाडीला सुमारे 115 किलो लागतो. गोणीतला कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचा माल) भर पावसात वेळ मारून न्यायला ठीक.

सांधेजोड
डांबराबद्दल वर आलंच आहे. काँक्रीटच्या तुटक्या कोपऱ्यावर सिमेंटचा हात मारू नका, पापडासारखा सुटतो. तडा पूर्ण जाडीत गेला असेल तर तो तुकडा कापून नव्याने ओतावा लागतो. वरचंच उडालं असेल तर किमान 50 मिमी खोल, उभ्या कडांनी कापा. जागा भिजवा, पण वर पाणी साचलेलं नको. सिमेंटची स्लरी घासून ती ओली असतानाच 10 मिमी खडीचं एम-40 प्रतीचं काँक्रीट भरा. सिमेंट पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) असेल तर वर गोणपाट टाकून ते 10 दिवस ओलं ठेवायचं. मेच्या वाऱ्यात ते दोन तासांत कोरडं पडतं, म्हणून वर प्लास्टिक टाका.

सांध्यातलं जुनं सील, वाळू, कोयीचे तुकडे सगळं काढा. कठीण खडा राहिला तर उन्हात स्लॅब फुगल्यावर कड तिथेच फुटते. 10 मिमीच्या फटीला 12 मिमीची फोम दोरी दाबून बसवा, वर पॉलिसल्फाइड (रबरासारखं सील), पृष्ठभागापासून 3 ते 5 मिमी खाली. वर आलेलं सील टायर ओढून नेतं. आणि फट पूर्ण कोरडी हवी, म्हणजे हे काम मेमध्येच.

काजूबोंड
लाल चिखल आहे, दोन्ही खड्ड्यांत. आणखी एक: वजनकाट्याशेजारी ट्रक उभे असतात तिथलं डांबर मऊ पडलंय, काठी रुतते. काँक्रीटवर रस सांडतो तिथे खडी उघडी दिसते.

खडीग्रिट
काठी रुतते ते डिझेल. डांबर त्यात विरघळतं, वरून काही लावून उपयोग नाही. मऊ भाग काढून 80 मिमीचे एम-40 पेव्हर ब्लॉक घाला, चारही बाजूंना काँक्रीटची कड बांधून. नाहीतर ट्रक वळताना ब्लॉक सरकतात.

सांधेजोड
रसातल्या आम्लाने सिमेंट खाल्लं जातं, खडी उरते. रोज संध्याकाळी पाणी मारा, आणि ते पाणी डांबराकडे न जाता गटारातच जाईल असं बघा.