स्वतःचा फ्रंट-एंड पाया बांधावा, की बूटस्ट्रॅप बरा?

कृष्णाकाठ, सांगली
मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याची साइट काल रात्री चढवली. पहिल्यांदाच बूटस्ट्रॅपला, म्हणजे साइटी झटपट उभ्या करायच्या त्या तयार फुकट साच्याला, हात न लावता. गेल्या दिवाळीपासून स्वतःचा एक पाया जमवतोय, म्हणजे साइट दिसावी कशी हे सांगणारं, प्रत्येक कामात लागणारं सीएसएस. एक फोल्डर, पाच फाइली: रीसेट (ब्राउजरची मूळची सजावट पुसणारा), रंग-अंतरांचे व्हेरिएबल, अक्षरं, लेआउट, फॉर्म. सगळ्या मिळून चारशेच्या आसपास ओळी.

हा उद्योग सुरू झाला एका शब्दापायी. किर्लोस्करवाडी. तिथल्या एका दुकानाचं शीर्षक मोबाइलवर दोन ओळींत गेलं, आणि वरच्या ओळीचा उकार खाली ‘र्लो’च्या रफारात घुसला. बूटस्ट्रॅपमध्ये शीर्षकाची ओळ-उंची १.२ असते. रोमन अक्षरांना ती पुरते. आपल्याला वर रफार-मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. त्यात डिझायनरनं ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षराअक्षरांत जादा अंतर, दिलेलं. शिरोरेघ तुटली, शब्द दात पडल्यासारखा दिसायला लागला. माझ्या या फाइलींत शीर्षकाला ओळ-उंची १.५ आणि लेटर-स्पेसिंग शून्य, हे कायमचं ठरलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच, मराठी साइटी करणाऱ्यानं आपला पाया आपणच बांधावा. बोला.

मिरज जंक्शन
ढेकूण झाले म्हणून खाट जाळलीस की रं! बूटस्ट्रॅपच्या सासमध्ये (ज्यातून त्याचं सीएसएस तयार होतं त्या मूळ फाइलींत) शीर्षकाच्या ओळ-उंचीचा व्हेरिएबल आयता आहे. तो बदल, परत कंपाइल कर, चहा यायच्या आत काम खलास. एका आकड्यासाठी चारशे ओळी सांभाळणार?

कृष्णाकाठ, सांगली
एकच आकडा असता तर बदललाच असता. फॉर्मची लेबलं, बटणं, टेबलाचे मथळे, सगळीकडे तेच. शेवटी माझी बदलाची फाइलच पायापेक्षा मोठी व्हायला लागली. आणि बूटस्ट्रॅप तरी काय आभाळातून पडलं? ट्विटरमध्ये मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी घरच्या कामासाठी जमवलेलंच होतं ते, २०११ साली सगळ्यांना खुलं केलं.

विश्रामबाग
घरच्या पायाचं दुखणं मला विचारा. एका दवाखान्याची साइट माझ्याकडे आली. आधीचा पोरगा पुण्याला गेलेला, फोन उचलत नाही. सीएसएसमधल्या क्लासची, म्हणजे पानावरच्या भागांना दिलेली, नावं काय, तर ‘डबा१’, ‘डबा२’, ‘डबामोठा’. डॉक्टर म्हणाले, फक्त ओपीडीची वेळ बदला. वेळ बदलली तर तळपट्टी उडून वर आली! अकरा दिवस घातले त्यात. बूटस्ट्रॅप असतं तर कुठलाही पोरगा तासाभरात उभा राहिला असता. दादा, तुम्ही उद्या आजारी पडलात तर त्या अडत्यानं कुणाकडं जायचं?

कृष्णाकाठ, सांगली
हे मात्र लागलं. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर मराठीत दोन ओळी लिहिल्यात, पण तेवढ्यानं भागणार नाही, कबूल. तरी दुसरी बाजू पण ऐका. २०२१ मध्ये बूटस्ट्रॅप ५ आलं तेव्हा एका शिकवणीची साइट मी चारवरून पाचवर नेली. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज गेली, ते चांगलंच. पण मेनू उघडणाऱ्या बटणावरच्या ‘डेटा-टॉगल’ या खुणेचं नाव ‘डेटा-बीएस-टॉगल’ झालेलं, त्यामुळं मोबाइलवरचा मेनू उघडेचना. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत. दुसऱ्याच्या घरात राहिलं की भिंत कधी हलेल ते मालक ठरवतो.

मिरज जंक्शन
मग चारवरच राहायचं होतं. घाई कुणी केली होती?

पहिलं वर्ष
सर, मी डिप्लोमाला आहे. मी पण स्वतःचा बनवू का?

भडंगवाला
बाळा, आधी तीन साइटी बूटस्ट्रॅपवर कर. तिन्हीत जे पुन्हा पुन्हा लिहिलंस तेवढंच चौथीत बाजूला काढ, तो तुझा पाया. आधीच बसून ‘कधीतरी लागेल’ म्हणून लिहिशील तर अडगळीची खोली होईल. आम्ही एरिक मायरचा २००७ चा रीसेट कॉपी करून सुरुवात केली होती. तेव्हा कॉलम उभे करायला फ्लोटच्या (डबे डावी-उजवीकडे सरकवायच्या सीएसएस युक्तीच्या) कोलांटउड्या होत्या, म्हणून बूटस्ट्रॅपचा बारा कॉलमचा ग्रिड देवासारखा वाटला. २०१७ पासून सीएसएसचा स्वतःचा ग्रिड ब्राउजरातच आहे. त्यामुळं लेआउटपुरतं मला कृष्णाकाठचं पटतं. पण पॉपअप, मेनू, तारखेची खिडकी? ते स्वतः लिहायच्या फंदात पडू नये.

मिरज जंक्शन
नेमकं! कृष्णाकाठ, तुझा चौकशीचा पॉपअप उघड आणि माउस बाजूला ठेवून नुसतं टॅब दाब.

कृष्णाकाठ, सांगली
दाबलं. फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, पॉपअपच्या मागं गेला, हळकुंडाच्या फोटोवर. एस्केपनं बंदही होत नाही.

मिरज जंक्शन
😄

कृष्णाकाठ, सांगली
हसा. जेवण करून आलो आणि माझा पॉपअप काढून टाकला. एचटीएमएलचा स्वतःचा डायलॉग घेतला, ‘शो-मोडल’ या त्याच्याच आज्ञेनं उघडला. मागचं पान आपोआप गप्प बसतं, एस्केपही चालतं. पायातल्या चाळीस ओळी कमी झाल्या.

विश्रामबाग
बरं झालं. आता ते हळदीच्या भावाचं टेबल मोबाइलवर उघडून दाखवा बघू.

कृष्णाकाठ, सांगली
ते सोमवारी. सौदे सुरू व्हायच्या आत.